पार्श्वभूमी : समानतेची कलमं, हवाईसुंदरींची केस आणि ‘केवळ’ चा अर्थ

वेगवेगळ्या देशांच्या राज्यघटना समोर ठेवून भेदभावाविरुद्धच्या कलमांची तुलना करायची म्हटलं की बहुतेक जण आधी यादी मोजायला बसतात. आपल्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान अशी ५ कारणं, जपानच्या कलम १४ मध्येही ५ च, आणि दक्षिण आफ्रिकेच्या कलम ९ मध्ये गरोदरपण, वैवाहिक स्थिती, लैंगिक कल, वय, अपंगत्व, भाषा धरून १६. यादी महत्त्वाची आहेच, पण गेल्या पन्नासेक वर्षांत लोकांच्या हातात प्रत्यक्ष काय पडलं ते ठरलंय यादीच्या आजूबाजूच्या शब्दांवर, ते शब्द कोर्टाने कसे वाचले त्यावर, आणि भेदभाव झाला हे सिद्ध करायचं ओझं कुणावर टाकलं त्यावर.

जुना इतिहास थोडक्यात. अमेरिकेत यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये १४ वी दुरुस्ती आली, कायद्याचं समान संरक्षण. तिथे यादीच नाही. १८८३ मध्ये कोर्टाने सांगितलं की ही दुरुस्ती फक्त सरकारला बांधते, हॉटेलवाल्याला किंवा थिएटरवाल्याला नाही, मग १८९६ मध्ये ‘वेगळे पण समान’, म्हणजे गोऱ्यांना आणि काळ्यांना वेगवेगळ्या सोयी, हेही चालवून घेतलं, आणि ते शाळांपुरतं मोडायला १९५४ उजाडलं. बाईविरुद्धचा भेदभाव याच दुरुस्तीत बसतो म्हणून एखादा कायदा रद्द व्हायला तर १९७१ साल लागलं, म्हणजे शंभर वर्षांच्या वर. स्त्री-पुरुष समानतेची वेगळी दुरुस्ती त्यांच्या संसदेने १९७२ मध्ये पास केली, पण लागणाऱ्या ३८ राज्यांपैकी ३८ वं राज्य २०२० मध्ये तयार झालं आणि मुदत १९८२ लाच संपलेली होती, त्यामुळे ती अजून तशीच लटकली आहे.

जर्मनीत १९४९ ची घटना लिहिणाऱ्या ६५ जणांत फक्त ४ बायका होत्या. ‘स्त्री आणि पुरुष समान हक्काचे’ हे साधं वाक्य आधी मतदानात पडलं होतं, बाहेरून महिलांच्या पत्रांचा दबाव आला तेव्हा ते आत गेलं. तरीही विरोधात जाणारे कौटुंबिक कायदे बदलायला मार्च १९५३ पर्यंत मुदत दिली आणि संसदेने तीही पाळली नाही. १९९४ मध्ये तिथे अपंगत्व यादीत आलं आणि समानता प्रत्यक्षात आणायची जबाबदारी सरकारवर टाकली गेली.

आपल्याकडे दोन धागे एकत्र आलेत, आणि एका धाग्याचं मूळ आपल्या महाडला आहे. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात ठराव झाला की सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि चालणाऱ्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने तो मान्यही केला, पण तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला मार्च १९२७ चा सत्याग्रह लागला, त्यानंतर सवर्ण मंडळी कोर्टात गेली की हे तळं आमचं खाजगी आहे, आणि हा वाद हायकोर्टात १९३७ ला संपला. कलम १५(२) वाचून बघा, दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, घाट, रस्ते अशी नावं घेऊन सांगितलंय, आणि कोणत्याही नागरिकाला तिथे अडवता येणार नाही असं म्हटलंय, फक्त सरकारने अडवू नये असं नाही. अमेरिकेने १८८३ मध्ये जे दार लावून घेतलं ते आपल्या घटनेने १९५० मध्ये निदान या ठिकाणांपुरतं उघडं ठेवलं, आणि याचं श्रेय आपण पुरेसं देत नाही असं मला वाटतं.

दुसरा धागा इंग्रजी कायद्यांचा. १८३३ च्या कंपनी कायद्यात लिहिलं होतं की केवळ धर्म, जन्मस्थान, वंश किंवा रंग या कारणावरून इथल्या कुणाला पदासाठी अपात्र ठरवता येणार नाही. तोच ‘केवळ’ १९३५ च्या कायद्यात आला आणि तिथून कलम १५ आणि सरकारी नोकरीतल्या समान संधीच्या कलम १६ मध्ये. यादीत लिंग आलं, जात आली, पण ‘केवळ’ जागेवरच राहिला. १९५१ मध्ये मद्रासच्या कॉलेज प्रवेशाचा निकाल, मग पहिली घटनादुरुस्ती आणि मागासवर्गांसाठी खास तरतुदींची मुभा देणारं १५(४), हा भाग सगळ्यांना माहीत आहे म्हणून सोडतो. ‘केवळ’ चा खरा फटका बसला तो १९८१ मध्ये.

ही केस सरकारी विमान कंपनीतल्या हवाईसुंदरींची, कंपनीचं मुख्यालय तेव्हा मुंबईत होतं. नियम असा की हवाईसुंदरी ३५ वर्षांची झाली, किंवा नोकरी लागल्यापासून ४ वर्षांच्या आत लग्न केलं, किंवा पहिल्यांदा गरोदर राहिली, यातलं जे आधी होईल तेव्हा नोकरी संपली. फार तर वरच्या साहेबांच्या मर्जीने ४५ पर्यंत मुदतवाढ. त्याच विमानात, त्याच प्रवाशांना सेवा देणारे पुरुष कर्मचारी मात्र ५८ पर्यंत, लग्न करा, मुलं होऊ द्या, कुणी विचारत नव्हतं. दोनच वर्षांपूर्वी, १९७९ मध्ये, परराष्ट्र सेवेतल्या एका महिला अधिकाऱ्याच्या केसमध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने लग्नाला परवानगी मागायला लावणाऱ्या नियमावर कडक ताशेरे ओढले होते, त्यामुळे आशा होती.

निकाल अर्धा आला. गरोदरपणाची अट रद्द झाली, तो भारतीय स्त्रीत्वाचा अपमान आहे असं कोर्ट म्हणालं. मुदतवाढ द्यायची की नाही हे साहेबांच्या मर्जीवर सोडणंही रद्द झालं. पण ४ वर्षांची लग्नाची अट टिकली, आणि कारण काय दिलं तर तोवर मुलगी जरा मोठी होते, लग्न यशस्वी व्हायची शक्यता वाढते, कुटुंब नियोजनालाही मदत होते. ३५ ची अटही टिकली. आपल्या कलम १४ चा, म्हणजे कायद्यासमोर समानतेचा, मुद्दा असा निकालात काढला की भरती, पगार, बढती वेगळी, म्हणून हे दोन वेगळे संवर्ग आहेत आणि वेगळ्यांना वेगळं वागवलं तर चालतं. पण संवर्ग वेगळे कुणी केले? कंपनीनेच, आणि केले तेच बाई-पुरुष बघून, मग त्याच वेगळेपणाचा आधार घेऊन पुढचा फरक योग्य ठरला. आणि १५, १६ बद्दल म्हटलं की घटना फक्त ‘केवळ लिंगावरून’ केलेला भेदभाव रोखते, लिंग अधिक आणखी काही कारण असेल तर तो रोखत नाही. म्हणजे बाई आहे म्हणून काढलं तर चूक, बाई आहे आणि लग्न केलं म्हणून काढलं तर चालेल. असं वाचलं तर भेदभाव करणाऱ्याला सोबत एक जादा कारण जोडलं की पुरे, आणि जादा कारण तर कायम सापडतंच. माझ्या मते आपल्या समानतेच्या इतिहासातला हा सगळ्यात महागात पडलेला अर्थ आहे, पुढची कित्येक वर्षं नोकरीच्या केसेसमध्ये तो पुन्हा पुन्हा वापरला गेला.

बाहेर त्याच काळात काय चाललं होतं ते इथे बघायला हवं. गरोदरपणाचा प्रश्न अमेरिकेच्या कोर्टापुढे १९७४ ला आला तेव्हा उत्तर मिळालं की फरक बाई-पुरुष असा नाहीच, गरोदर माणसं आणि गरोदर नसलेली माणसं असा आहे. कॅनडात १९७८ मध्ये जवळपास तसंच झालं. पण कॅनडाच्या महिला संघटनांनी तो निकाल लक्षात ठेवला आणि १९८२ च्या हक्कांच्या सनदेचा मसुदा बनत होता तेव्हा अडून बसल्या, म्हणून त्यांच्या कलम १५ मध्ये कायद्यासमोर समान, कायद्यात समान, समान संरक्षण आणि समान लाभ असं चारदा लिहिलंय. ते कलम १९८५ ला लागू झालं आणि १९८९ मध्ये तिथल्या कोर्टाने गरोदरपणाबाबतचा आधीचा निकाल चुकीचा म्हणून सोडून दिला. त्याच वर्षी यादीत नसलेली पण त्याच प्रकारची कारणंही धरता येतील हेही ठरलं.

दक्षिण आफ्रिकेची १९९६ ची घटना लिहिताना हे सगळे निकाल समोर होते. तिथे ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ असा शब्द आहे, ‘एका किंवा अधिक कारणांवरून’ असा शब्द आहे, म्हणजे ‘केवळ’ च्या बरोबर उलटा, आणि यादीतल्या कारणावरून भेदभाव दिसला तर तो अन्याय्य नाही हे करणाऱ्यानेच सिद्ध करायचं. २००० मध्ये तिथेही सरकारी विमान कंपनीची केस आली. एका तरुणाला केबिन क्रूमध्ये घ्यायला नकार, कारण तो एचआयव्ही पॉझिटिव्ह होता. एचआयव्ही यादीत नव्हतं. कंपनीने प्रवाशांच्या भावना, धंद्याचं नुकसान असं सगळं सांगितलं, कोर्टाने एकही ऐकलं नाही आणि त्याला नोकरी द्या असा आदेश दिला. दोन्ही कंपन्या सरकारी, दोन्हीकडे काम विमानातलं, मधे १९ वर्षं.

आपल्याकडे दिशा बदलली ती अलीकडे. २०१४ मध्ये लिंग या शब्दात लिंगओळखही येते असं मान्य झालं. २०१८ मध्ये समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या निकालात एका न्यायमूर्तींनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात १९८१ च्या त्या वाचनावर उघड टीका केली, बाईबद्दलच्या ठरीव समजुतींवरून केलेला फरक हा लिंगावरूनच केलेला भेदभाव आहे असं म्हटलं. मार्च २०२१ मध्ये सैन्यातल्या महिला अधिकाऱ्यांच्या केसमध्ये अप्रत्यक्ष भेदभाव ही गोष्ट कोर्टाने नीट मांडून स्वीकारली, नियम वरून सगळ्यांना सारखा दिसतो पण त्याचा फटका कुणाला बसतो ते बघायचं. दक्षिण आफ्रिकेने जे घटनेत लिहून ठेवलं ते आपल्याकडे निकालातून यायला घटना लागू झाल्यापासून ७१ वर्षं गेली.

खाजगी भेदभावाचं मात्र अजून अर्धवटच आहे. २०११ मध्ये कोर्टाने १५(२) मधल्या ‘दुकान’ चा अर्थ मोठा केला, पण त्याआधी २००५ मध्ये एका समाजाच्या गृहनिर्माण सोसायटीने सदस्यत्व आपल्यापुरतंच ठेवणं वैध ठरलं होतं, आणि मुंबईत, पुण्यात आडनाव ऐकून फ्लॅट नाकारले जातात तेव्हा नेमकं कोणत्या कलमाखाली जायचं हा प्रश्न तिथेच अडतो. दक्षिण आफ्रिकेत घटनेनेच सांगितल्याप्रमाणे २००० मध्ये खाजगी व्यवहारांनाही लागू असलेला कायदा झाला, त्यात घरभाडंही येतं. आपल्याकडे तसं एक विधेयक, सरकारचं नाही तर एका खासदाराचं, २०१७ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, ते पुढे सरकलंच नाही.