केशकर्तनकारांचा केशनाडीव्रण

केशकर्तनकारांच्या बोटांच्या बेचकीत गिऱ्हाइकांचे कापलेले केस रुतून त्वचेत नळीसारखा व्रण (नाडीव्रण) होण्याचा चिवट व्यवसायजन्य विकार. प्रथम सुईच्या टोकाएवढे काळे छिद्र दिसते. दाबल्यास त्यातून केसाचे टोक डोकावते. बहुधा दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होते. जंतुसंसर्ग झाल्यावर मात्र पू धरतो आणि बोटे जुळवणेही जड जाते.

केसांमुळे होणाऱ्या अशा व्रणाचे नेहमीचे स्थान मात्र माकडहाडाजवळची खाच. तेथील केसयुक्त व्रणाचे आद्य वर्णन सामान्यतः हर्बर्ट मेयो यांचे (१८३३) मानतात. ‘पिलोनायडल’ (केसांचे घरटे असलेला) हे नाव रिचर्ड हॉजेस यांनी १८८० मध्ये दिले. त्यातील लॅटिन ‘निडस’ (घरटे) हा संस्कृत ‘नीड’चा सगोत्र शब्द, त्यामुळे ‘केशनीड’ हा प्रतिशब्द अधिक नेमका ठरला असता. विकार जन्मजात, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. १९४६ मध्ये लंडनचे पेटी व स्कार्फ यांनी तो अर्जित असल्याचे प्रतिपादले आणि १९४८ मध्ये एका केशकर्तनकाराच्या हातावरील व्रण पुराव्यादाखल मांडला. हाताच्या विकाराच्या आद्य नोंदीचा मान त्यांना दिला जात असला, तरी टेम्पलटन यांनी १९४२ मध्येच एका केशकर्तनकाराच्या बोटांमधील कणार्बुदाचे (केसासारख्या बाह्य वस्तूभोवती दाहामुळे बनणाऱ्या गाठीचे) वर्णन केले होते. तेच अग्रक्रमाचे धरणे योग्य दिसते. व्रण केशपुटकातूनच (केस उगवतो त्या त्वचेतील पिशवीतूनच) सुरू होतो, हे नंतरचे मत हाताच्या विकाराला लागू पडणे कठीण आहे, कारण व्रणातील केस रोग्याचे नसतातच.

कात्रीने तिरपा कापलेला आखूड केस टोकदार असतो. ओलाव्याने मऊ पडलेल्या बेचकीत तो कुसळासारखा शिरतो; त्याच्या पृष्ठावरील खवल्यांमुळे पुढे सरकतो, मागे येत नाही. दूध काढणारे व मेंढ्यांची लोकर कातरणारे यांच्यातही असा व्रण आढळतो.

केस काढणे, न भरल्यास व्रणमार्ग छेदून काढणे हे उपचार. पुढे हात कोरडा ठेवावा लागतो, म्हणजे एका खुर्चीच्या दुकानात दुकानच बंद. आजारपणात आर्थिक आधार देणाऱ्या कर्मचारी राज्य विमा कायद्याची (१९४८) रचना पगारी कामगार डोळ्यांपुढे ठेवून झाली; स्वतःच मालक व कारागीर असलेला त्यात बसत नव्हता.

केशरंगांमुळे होणारा त्वचादाह याहून कितीतरी अधिक आढळतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या व्यवसायात रसायनांशी येणारा संपर्क ‘बहुधा कर्करोगकारक’ (गट २अ) ठरवला आहे, मुख्यतः मूत्राशयाच्या कर्करोगासंबंधीच्या मर्यादित पुराव्यावरून.

प्रतिबंधासाठी प्रत्येक गिऱ्हाइकानंतर बेचक्या ब्रशने झाडून, धुऊन कोरड्या कराव्यात. हातमोजेही उपयोगी, पण ते घातल्यावर बोटांच्या चिमटीत धरलेल्या केसांचा अंदाज येत नाही, अशी कारागिरांची तक्रार असते.