पार्श्वभूमी : बैलगाडी शर्यतीची जुनी कॅसेट दुर्मिळ कधी ठरते?

चित्रफितींच्या संग्रहात काय घ्यायचे आणि काय परत पाठवायचे याचे निकष चित्रफितींकडे पाहून ठरलेले नाहीत. ते पोथ्या, पुराणवस्तू आणि चित्रपटांची रिळे जपणाऱ्यांकडून उसने आले. पुराणवस्तूंविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यात वस्तूसाठी शंभर आणि हस्तलिखितासाठी पंचाहत्तर वर्षांची अट आहे, म्हणजे तेथे वय पाहिले जाते. चित्रपटांच्या बाबतीत उरलेल्या प्रती मोजण्याची पद्धत पडली. चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मवरचे आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले असल्याने ते स्वाभाविकच होते. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम आणि चित्रफिती हाही जपण्याजोगा वारसा आहे, हे आंतरराष्ट्रीय पातळीवर लेखी मान्य व्हायला ऑक्टोबर १९८० उजाडला.

सांगली-साताऱ्यापुरते बोलायचे तर त्याआधीच्या काळात फारसे शिरण्याचे कारण नाही. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, पाठोपाठ व्हीसीआर आले आणि पुढच्या काही वर्षांत कराड, मिरज, विटा, इस्लामपूर अशा गावांतल्या छायाचित्रकारांनी व्हिडिओ कॅमेरे घेतले. लग्ने, जत्रा, कुस्तीची मैदाने, कारखान्यांच्या गळीत हंगामाचे शुभारंभ, प्रचारसभा असे सारे काही कॅसेटवर उतरू लागले. प्रती मोजण्याची जुनी पद्धत येथे पहिल्याच पायरीवर अडखळते, कारण लग्नाची बहुतेक प्रत्येक कॅसेट एकुलती एक किंवा फार तर दोन-तीन प्रतींची असते. त्या हिशेबाने घरोघरच्या कपाटातली प्रत्येक कॅसेट दुर्मिळ ठरेल. म्हणून संग्रह करणाऱ्यांनी बराच काळ उलट टोक गाठले आणि लग्नाच्या कॅसेटी सरसकट नाकारल्या.

हा नकार घाईचा होता. लग्नाच्या चित्रणात नवरा-नवरीपेक्षा मागे दिसणारा वाडा, पंगतीतली पत्रावळ, एसटी स्टँडचा जुना फलक आणि पाहुण्यांचे बोलणे यांना पुढे मोल येते. त्यातले बोलणे तर बहुतेक ठिकाणी गेलेलेच आहे. मिक्सिंग, म्हणजे चित्रण कापून-जोडून पक्की कॅसेट तयार करताना मूळ आवाज काढून त्यावर सिनेमाची गाणी चढवली जात आणि शूटिंगची कॅसेट पुढच्या कामाला पुन्हा वापरली जाई. (यात आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांनाच दोष देण्यात अर्थ नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेनेही १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत आपल्या टेपा अशाच पुसून वापरल्या.) त्यामुळे मंगलाष्टका, उखाणे आणि हलगी मूळ आवाजात असलेली, मिक्सिंगच्या आधीची कॅसेट मिळाली तर ती आज कोणी परत पाठवत नाही.

सर्वांत जास्त वाद मात्र झाला तो बैलगाडी शर्यतींच्या कॅसेटींवरून. जुलै २०११ मध्ये केंद्राने प्रदर्शन व खेळासाठी बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. ज्या कॅसेटी आणि व्हीसीडी तोवर धूळ खात पडल्या होत्या, त्या अचानक संग्रहात घेण्याजोग्या झाल्या. बंद पडलेल्या गोष्टीचे चित्रण, एवढे कारण तेव्हा पुरेसे मानले गेले. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीत जिवंत नागांची मिरवणूक थांबल्यावर तिच्या जुन्या चित्रणालाही याच न्यायाने भाव आला होता. पुढे राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, ती न्यायालयात अडकली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. आता शर्यती मोबाइलवर थेट दिसतात आणि एकाच मैदानाचे चित्रण कित्येकांच्या वाहिन्यांवर चढते.

मग बंदीच्या काळात घेतलेल्या कॅसेटींचे काय करायचे? एका पक्षाचे म्हणणे असे, की दुर्मिळतेचे कारणच संपले आहे, जागा आणि यंत्राचे तास मर्यादित आहेत, तेव्हा या कॅसेटी मालकांना परत द्याव्यात आणि तो वेळ दुसऱ्या कामाला लावावा. दुसऱ्या पक्षाच्या मते संग्रहात घेण्याचा निर्णय घेतेवेळची स्थिती पाहूनच झालेला असतो आणि न्यायालयाच्या प्रत्येक निकालागणिक तो बदलत राहिला तर नोंदवहीला काही अर्थ उरत नाही. पहिल्या पक्षाचा हिशेब व्यवहाराचा आहे हे मान्य करूनही, त्यात एक मूलभूत गफलत आहे असे वाटते. परवानगी मिळालेली शर्यत ही बंद पडलेलीच शर्यत नव्हे. नव्या नियमांत धावण्याचे अंतर एक हजार मीटरच्या आत ठेवावे लागते आणि काठी, चाबूक किंवा विजेचा धक्का वापरता येत नाही. जुन्या कॅसेटींत मात्र डांबरी रस्त्यावरून लांब पल्ल्याला धावणारे छकडे, मागून सुटलेल्या मोटारसायकली आणि बैलांच्या पाठीवर पडणारे फटके असे सगळे आहे. ते पाहणे सुखाचे नाही, आणि काही मालकांना आपल्या वडिलांचा चेहरा त्यात दिसलेला नको आहे. पण बंदी का आली आणि नियम का करावे लागले याचा पुरावा नेमका तेवढ्याच चित्रणात आहे. आजच्या थेट प्रक्षेपणांची संख्या कितीही वाढली तरी तो त्यांत सापडणार नाही. काही कॅसेटी या वादात परत गेल्या, काही राहिल्या. राहिलेल्यांपैकी काहींवर चेहरे झाकण्याची अट आली.

‘यूट्यूबवर आहे, मग कशाला घ्यायचे’ हा नियमही, जे आज सहज दिसते ते जपायची गरज नाही, या मानसिकतेतूनच आला आहे. २००५ नंतर तो हळूहळू रूढ झाला आणि नकार देणे सोपे झाले. पण तेथे चढवलेले चित्रण अनेकदा कॉपीची कॉपी असते, गाण्याच्या हक्कावरून आवाज बंद केलेला असतो, आणि चढवणाऱ्याने मनात आणले तर ते एका रात्रीत दिसेनासे होते.

सांगलीच्या पुरांनी हा फरक ठळक केला. २००५ च्या पुराचे चित्रण केबलवाले आणि मोजके व्यावसायिक यांच्या टेपांवर आहे. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांची रेघ गाठली, तेव्हा प्रत्येक गच्चीवर मोबाइल होता. तरीही त्या पुराचे मूळ फाइलमधले, तारीख-वेळ शाबूत असलेले चित्रण मिळवणे अवघड जाते, कारण हाती येते ते बहुतेक व्हॉट्सॲपवरून फिरून दबलेले. शिवाय त्याच पाण्यात गावभागातल्या आणि नदीकाठच्या कित्येक घरांतल्या कॅसेटी बुडाल्या. भिजलेली कॅसेट लगेच यंत्रात घालू नये, उन्हात वाळवू नये, बुरशी धरलेली टेप चांगल्या यंत्राला लावू नये, ही माहिती तेव्हा फार थोड्यांकडे होती.

अलीकडे निवडीत यंत्राचा मुद्दा वरचढ झाला आहे. व्हीएचएसची, म्हणजे घरोघरच्या नेहमीच्या व्हिडिओ कॅसेटींची, नवी यंत्रे बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कारखान्याने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, आणि चुंबकीय फितींवरचा जो मजकूर २०२५ पर्यंत संगणकावर उतरणार नाही तो बहुतांशी गमावल्यात जमा आहे, असा इशारा जगभरच्या जाणकारांनी दिला होता. ती मुदतही आता मागे पडली. त्यामुळे चालू स्थितीतले यंत्र, साफ केलेले हेड (टेप वाचणारा भाग) आणि ते हाताळणारा माणूस यांचे जेवढे तास मिळतील तेवढ्यातच निवड करावी लागते. मिनीडीव्हीच्या (लहान डिजिटल कॅसेटींच्या) टेपा आधी उतरवाव्यात की व्हीएचएस, यावरही एकमत नाही. लग्न, शर्यत की सभा हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि बहुतेक ठिकाणी तो कॅसेटवरच्या चिकटपट्टीवर काय लिहिले आहे एवढे वाचूनच निकालात निघतो.