करवंटी, विरी आणि घावन: कोकणातल्या घरगुती खाण्या-खेळण्यांची पार्श्वभूमी

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना खायला काय करायचं आणि कशात रमवायचं, असं विचारलं की आपल्याकडे घावन, सांदण, विरीची (म्हणजे पोफळीच्या झावळीच्या बुडाची) गाडी, काजूबियांचा डाव अशी नावं एका दमात येतात. वर "पूर्वापार आहे हो" हे ठरलेलं. त्यातलं बरंचसं तितकं पूर्वापार नाही. आज ज्याला आपण साधं घरगुती कोकणी म्हणतो, त्याला आकार आला तो मनीऑर्डरच्या काळात. घरचा कर्ता मुंबईच्या गिरणीत आणि बाकीचं घर गावी, असे ते दिवस.

फार मागचं थोडक्यात सांगतो. तांदूळ, माड, कोकम हे जुनंच. काजू मात्र पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणला, मिरचीही त्यांच्याच वाटेने आली. म्हणजे जमिनीवर काजूबियांची ओळ मांडून मोठ्या जड बीने ती उडवायचा डाव पाचशे वर्षांच्या पलीकडे जाऊच शकत नाही. सागरगोट्यांची काटेरी झुडपं किनाऱ्यालगत आपोआप वाढतात, तो खेळ त्याहून जुना असायला हरकत नाही. सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी आणि गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) यांचं कौतुक खूप होतं आणि ते योग्यच आहे. पण ती विकत घ्यायची वस्तू होती, साध्या घरातल्या पोराच्या हातात ती क्वचितच पडे.

मनीऑर्डरचे पैसे मोजके असत. त्यातून गूळ, चहा, रॉकेल, थोडं तेल यायचं, बाकी सगळं परसातलं आणि शेतातलं. म्हणून या पदार्थांत तेलाचा हात आखडता आहे आणि गोडाला गूळ आहे. भात सडताना तांदूळ मोडून जी कणी पडे, ती कोणी फेकत नसे. तिचं पीठ घावनाला, रवा सांदणाला आणि खांडवीला. फणसाचे गरे संपले तरी आठळ्या पावसाळ्यासाठी जपून ठेवायच्या. आषाढात टाकळ्याच्या भाजीत त्या पडत, नाहीतर पाणचुलीच्या निखाऱ्यात भाजून पोरांच्या खिशात जात.

घावनाचं सांगायचं तर वाटीभर पिठाला सव्वादोन वाट्या पाणी, मीठ, बस्स. पीठ ताकाइतकं पातळ हवं. बिड्याचा तवा चांगला तापला की अर्ध्या कांद्याने तेल फिरवायचं आणि पीठ कडेकडेने ओतत मध्यभागी यायचं. डावाने पसरायला गेलात की जाळी मेली. झाकण ठेवायचं, कडा सुटली की झालं. पहिलं घावन हमखास तव्याला चिकटतं आणि ते चुलीपाशी बसलेल्या लहानग्याचं असतं. नारळाचा रस आणि गूळ असला तर सणच.

आता अशा घरगुती खेळण्यांना आपण लावतो त्या "टाकाऊतून टिकाऊ" या शब्दाबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळा गोंधळ तिथे आहे. 1964-66 च्या शिक्षण आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली, पुढे शाळांच्या वेळापत्रकात तो तास आला. हेतू चांगलाच होता, मुलांनी हाताने काम करावं हा. पण करवंटीची बोट आणि हिरांची (माडाच्या पातीतल्या काड्यांची) टोपली त्या तासाला येऊन बसली ती "टाकाऊ वस्तूंपासून" या मथळ्याखाली. तेव्हापासून आपण स्वतःही तसंच म्हणायला लागलो.

माडाचं काय टाकाऊ होतं? झावळांचे झाप विणून पावसाळ्याआधी घराच्या पडव्या झाकत. हिरांच्या केरसुण्या. सोडणं, म्हणजे नारळाची सालं, न्हाणीच्या चुलीत. करवंटीला दांडी बसवली की वाढायचा डवला, जाळली तर कोळसा, तोही इस्त्रीत नाहीतर दात घासायला. मुलांना करवंट्या मिळत त्या उसन्या. दोन करवंट्यांना भोक पाडून काथ्याची दोरी ओवायची, त्यावर उभं राहून खडखड चालायचं, आणि संध्याकाळी आंघोळीचं पाणी तापवताना त्याच करवंट्या चुलीत. भातुकलीतली कणी खरी असे, म्हणून ती शेवटी कोंबड्यांपुढे टाकावी लागे. म्हणजे वस्तू टाकाऊ नव्हती आणि खेळणं टिकाऊ नव्हतं. आंब्याच्या रुजलेल्या बाठ्यातली कोय दगडावर घासून केलेली पिपाणी तर तासाभरात मऊ पडते, पुन्हा वाजवायची तर दुसरा बाठा शोधायचा.

मी सातवीत असताना शाळेच्या प्रदर्शनासाठी करवंटी पॉलिशपेपरने घासून तिला ऑइलपेंट लावला होता. आजीने ती हातात घेतली, वास घेतला आणि विचारलं, "ही आता जाळायची कशी?" शाळेत मला बक्षीस मिळालं, पण आजीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. त्या रंगाला आणि घासकागदाला लागलेले पैसे तिच्या आठवड्याच्या गुळाइतके होते.

पुढचे बदल भराभर झाले. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि कित्येक घरांची मनीऑर्डर कायमची थांबली. त्या वर्षांत पेज आणि कुळथाची पिठी ही आवडीची नव्हे, गरजेची खाणी होती. आज ती हौसेने मागताना हे विसरू नये. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, 1998 पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि घावन पाहुण्यांच्या नाश्त्याला जाऊन बसलं. काजूला भाव आला, कलमी बागा वाढल्या. बी गोळा करताना पोराने दोन खिशात टाकल्या तर आता आई ओरडते, आणि तिचंही चुकत नाही.

विरीचंही तेच झालं. पोफळीच्या गळालेल्या झावळीचं रुंद कातडी बूड म्हणजे विरी. एकाने त्यावर बसायचं, दुसऱ्याने शेंडा धरून आगरातून ओढत न्यायचं. 2018 च्या प्लास्टिकबंदीनंतर विऱ्यांच्या ताटल्या-वाट्यांना मागणी वाढली. एका पोफळीच्या वर्षाला पाच-सहाच विऱ्या गळतात. त्यात 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडच्या वाड्या आडव्या केल्या. नव्याने लावलेली पोफळ धरायलाच सहा-सात वर्षं घेते. तोवर ज्यांच्या आगरात जुनी झाडं उरली, त्यांच्याकडे विऱ्या आधी ताटल्यांसाठी मोजून बाजूला ठेवतात. कडेला फाटलेली एखादी निघाली तर ती पोरांची.