बाजू वाकवणे (गिटारबांधणी)

हाताने गिटार घडवताना लाकडाच्या पातळ सरळ पट्ट्या तापवून, मऊ करून त्यांना वाद्याच्या कडेचा आकार देण्याची क्रिया. गिटारचा पुढचा आणि मागचा पाट जोडणाऱ्या उभ्या भिंतीला बाजू म्हणतात. ही भिंत दोन पट्ट्यांची असते. एकेक पट्टी साधारण ८० सेंटिमीटर लांब, १० ते १२ सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम २ मिलिमीटर जाड. मानेकडचा खांदा आणि खालचा मोठा घेर बाहेर फुगतात, मधली कंबर आत वळते. म्हणजे एकाच पट्टीला दोनदा एकीकडे आणि एकदा उलट दिशेला वळवायचे असते, आणि तेही एकाही ठिकाणी चीर न जाऊ देता.

सांगली-मिरजेच्या वाचकाला हा खटाटोप थोडा परका वाटेल, कारण आपल्याकडच्या वाद्यांनी गोलाई मिळवण्याचा वेगळाच मार्ग धरला. सारंगी लाकडाच्या ठोकळ्यातून कोरून काढतात. मिरजेच्या तंबोऱ्याची गोलाई तर वेलीवरच वाढते. १८५०च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगारांपासून सुरू झालेल्या आणि २०२४ मध्ये सतार व तंबोऱ्यासाठी भौगोलिक मानांकन मिळवलेल्या या परंपरेत वाद्याचे पोट म्हणजे भोपळा. तो भिजवून मऊ करतात, कापतात आणि आतून काड्यांचा ताण देऊन हव्या त्या फुगवट्यावर वाळवतात. वाकवणे इथेही आहे, पण आचेशिवाय. बैलगाडीच्या चाकाचे पुठ्ठेसुद्धा वाकवलेले नसतात, जाड लाकडातून गोलाईत कापलेले असतात. तापवून बसवतात ती लोखंडी धाव. गिटारच्या बाजूच्या जवळचे काम शोधायचे तर काठी शेकून सरळ करणाऱ्याकडे जावे लागेल. तो वाक काढतो, इथे वाक घालायचा असतो; तत्त्व एकच.

पट्टी रात्रभर पाण्यात ठेवली की ती वाकते, हा सर्वात मोठा गैरसमज. वाकवते ती आच. पाणी तिचे मदतनीस. लाकडाच्या तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारे लिग्निन हे द्रव्य ओल्या लाकडात १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते आणि तंतू एकमेकांवरून थोडे सरकू शकतात. थंड झाले की ते पुन्हा घट्ट होते आणि आकार धरून बसते. पाण्याची वाफ ही उष्णता आतपर्यंत पोचवते आणि पृष्ठभाग करपू देत नाही. पाणी जास्त झाले तर पट्टी रुंदीतही पन्हाळीसारखी वळते, आणि ते निस्तरणे मूळ कामापेक्षा अवघड. शिसवीसारखे लाकूड फार भिजवले तर त्याचा जांभळट रंगही उतरतो आणि शेजारच्या फिक्या लाकडाला लागतो. फवाऱ्याने दोन्ही बाजू ओल्या केल्या तरी बहुतेक वेळा पुरते.

जाडी इतकी कमी का, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. पट्टी वळली की बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो आणि आतला दबतो. जाडीला त्रिज्येच्या दुपटीने भागले की हा ताण कळतो. २ मिलिमीटरची पट्टी ४० मिलिमीटर त्रिज्येत वळवली तर ताण अडीच टक्के येतो. थंड, कोरडे लाकूड एक टक्क्याच्या आसपासच तुटते. पट्टी ३ मिलिमीटरची ठेवली तर आकडा पावणेचारावर जातो. तापलेले लाकूड दबायला तयार असते, ताणायला तितकेसे नाही; म्हणून अनुभवी कारागीर पट्टीच्या बाहेरच्या अंगाला पातळ पत्रा लावून वाकवतात. ताण पत्रा घेतो, लाकूड फक्त दबते.

जुनी आणि आजही सर्वात शिकवणारी पद्धत तापलेल्या नळाची. धातूचा नळ शिकंज्यात आडवा पकडून आतून बर्नरने किंवा विजेच्या कॉइलने तापवतात. तो तापला की नाही हे घावनाच्या तव्यासारखेच पाहायचे: पाण्याचा थेंब टाकला आणि तो चर्र करून पसरला तर अजून थांबायचे, मण्यासारखा उड्या मारत घरंगळला तर नळ तयार. सुरुवात बहुधा कंबरेपासून करतात, कारण ती चुकली तर पुढचे दोन्ही वळण चुकतात. ओली पट्टी नळावर टेकवून दोन्ही हातांनी हलका दाब द्यायचा, आणि थांबायचे. पहिले काही क्षण लाकूड दाद देत नाही. मग एकाएकी ते सैल पडते, जणू आतली गाठ सुटली. हा क्षण तळहाताला कळतो, डोळ्यांना नाही. त्याच्या आधी जोर लावला तर करकर आवाज येतो, आणि तो ऐकू येईतो बहुधा उशीर झालेला असतो. मधूनमधून पट्टी कागदावर काढलेल्या आकृतीशी ताडून पाहायची. आकार थोडा जास्तच वळवतात, कारण थंड होताना पट्टी काहीशी उलगडते.

दुसरी पद्धत साच्याची. अमेरिकन कारागीर चार्ल्स फॉक्स यांच्या नावाने ओळखले जाणारे यंत्र यासाठी वापरतात. त्यात पट्टी दोन पातळ पत्र्यांमध्ये धरून स्क्रूने साच्यावर दाबतात. उष्णता पूर्वी विजेच्या दिव्यांची असे, आता सिलिकॉनच्या तापणाऱ्या चादरीची. एकसारख्या दहा गिटार करायच्या तर हेच बरे. पण ज्याने नळावर एकही पट्टी मोडलेली नाही, त्याला साच्यात पट्टी का मोडली हे कळणे कठीण.

लाकडाची निवड निम्मे काम करते. रेषा पट्टीच्या लांबीभर सरळ धावायला हव्यात. मध्येच पृष्ठभागाबाहेर निसटलेल्या रेषेवरच चीर जाते. जगभरच्या गिटारींत बाजूंसाठी आवडीने वापरले जाणारे लाकूड म्हणजे आपल्या सह्याद्रीतली शिसव (डालबर्जिया लॅटिफोलिया). ती घट्ट असूनही आचेला चांगली दाद देते. २०१७ पासून संपूर्ण डालबर्जिया वंशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आले. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून त्यातून सूट आहे. लहरी रेषांचे मेपल दिसायला देखणे, पण त्याच लहरींवर तुटते. व्हायोलिनच्या बाजू याच लाकडाच्या असतात आणि जेमतेम १ मिलिमीटर जाड ठेवतात.

एवढ्या कष्टाने वळवलेल्या या बाजूंचा आवाजात वाटा किती? आधुनिक स्पॅनिश गिटारचा पाया घालणारे आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) यांनी १८६२ मध्ये मागचा भाग आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या ठेवून एक गिटार बांधली. आवाजाची मदार पुढच्या पाटावर आहे, हे त्यांना दाखवायचे होते. बाजूचे काम मुख्यतः तो पाट ताठ धरून ठेवण्याचे.

वळलेली पट्टी लगेच साच्यात अडकवून किमान एक दिवस वाळू देतात. २ मिलिमीटरच्या कडेवर पाट चिकटणार नाही, म्हणून आतून खाचा पाडलेली लाकडी पट्टी चिकटवून कड जाड करतात. खाचांमुळे ती आचेशिवायच वळते.

उरला हवामानाचा प्रश्न. महाबळेश्वरच्या धो धो पावसात आणि जत-आटपाडीच्या कोरड्या वाऱ्यात एकच पट्टी वेगवेगळी वागते. साच्याबाहेर सुटी ठेवलेली बाजू जुलैत पाणी शोषून हळूहळू उघडते. त्याहून वाईट म्हणजे पावसाळ्यात पाट चिकटवून गिटारची पेटी बंद केली, तर फुगलेले लाकूड एप्रिलच्या उन्हात आकसते आणि पाटाला तडा जातो. हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्के असताना पेटी बंद करावी असा संकेत आहे. सांगलीकडे त्याचा अर्थ सरळ आहे: वाकवण्याचे काम पावसाळ्यात उरकले तरी चालेल, पण बाजू साच्यातच राहू द्याव्यात आणि पेटी दिवाळीनंतर बंद करावी.