मलिका साबिरोवा ‘बोल्शोईची’ कधी झाली?

सोव्हिएत बॅले म्हटलं की आपल्याकडे एकच नाव घेतलं जातं, मॉस्कोचं बोल्शोई थिएटर. त्यामुळे ताजिक नर्तिका मलिका साबिरोवालाही ‘बोल्शोईची नर्तिका’ म्हणून मोकळं होणारे भेटतात. ते खरं नाही. तिची कर्मभूमी ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे.

तिचा जन्म १९४२चा, याच शहरातला. तेव्हा त्याचं नाव स्तालिनाबाद होतं. शिक्षण मात्र लेनिनग्राडच्या वागानोवा बॅले विद्यालयात झालं. १९६१ साली ते संपवून ती घरी परतली आणि ताजिक लेखक सद्रिद्दीन ऐनी यांच्या नावाच्या तिथल्या ऑपेरा-बॅले थिएटरात दाखल झाली. ‘जिझेल’ हा प्रसिद्ध बॅलेही ती तिथेच नाचली. नवरा मुझफ्फर बुरखानोव हाच रंगमंचावरचा जोडीदार.

मग हा घोळ झाला कसा? माझ्या मते बोल्शोईची विख्यात नर्तिका गालिना उलानोवामुळे. निवृत्तीनंतर उलानोवा बोल्शोईत तालीम घ्यायची आणि मलिका तिची शिष्या. शिवाय १९६९ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा, जिथे मलिकाने पारितोषिक मिळवलं, तीही मॉस्कोतलीच. पण गुरूचं घराणं म्हणजे शिष्येची नोकरी नव्हे!

१९७४ साली ती ‘सोव्हिएत संघाची लोककलाकार’ झाली, वय अवघं बत्तीस. फेब्रुवारी १९८२मध्ये, चाळिशी गाठण्याआधीच, ती गेली.