‘सीए १९-९’ वाढले म्हणजे कर्करोगच का?

रक्तातील ‘सीए १९-९’ (कर्करोगाचा संकेत म्हणून मोजला जाणारा एक घटक) वाढले म्हणजे स्वादुपिंडाचा कर्करोग आणि ते मिलिलिटरमागे ३७ युनिटांच्या आत असले म्हणजे धोका टळला, हा रूढ समज दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली, तरी हा आकडा शेकड्यांत जाऊ शकतो आणि अडथळा काढल्यावर बहुधा उतरतो. अहवालातील ठळक आकडा पाहून रात्र जागून काढणाऱ्या कुटुंबांना हे आधीच सांगायला हवे. उलट, ज्यांच्या शरीरात लुईस प्रतिजन (रक्तगटाशी संबंधित घटक; ‘सीए १९-९’ हा त्याचाच एक प्रकार) तयारच होत नाही, अशा सुमारे ५ ते १० टक्के लोकांत कर्करोग असूनही आकडा सहसा वाढत नाही. निदान ठरते ते सीटी स्कॅन आणि गरजेनुसार बायोप्सीवर. त्यानंतर उपचारांचा परिणाम जोखायला मात्र ‘सीए १९-९’चीच तपासणी खरी उपयोगी पडते.