केरळ, बोटीच्या चालीनं

"कोची, मुन्नार, थेक्कडी, अलेप्पी, कन्याकुमारी, सगळं सहा दिवसांत बसवून द्या." दिवाळी जवळ आली की ही मागणी ठरलेली. बसतं सगळं, आम्हीही बरीच वर्षं बसवून दिलं. परत आलेली मंडळी मात्र घाटातल्या उलट्या आणि हॉटेल सोडायची घाई याच गोष्टी सांगायची. म्हणून ही सहल वेगळी बांधली आहे: कोची, आलप्पुळा (म्हणजे आपली अलेप्पी) आणि कोल्लम. मुक्काम सात रात्री. तिन्ही गावांमधलं अंतर मिळून नाशिक-पुण्यापेक्षाही कमी भरतं.

जाताना नाशिकरोडहून मंगला एक्स्प्रेस. एर्नाकुलमपर्यंत सव्वा-दीड दिवस लागतो. विमानवाल्यांना हे वेड वाटेल, पण कोकण रेल्वेचे बोगदे आणि नद्या खिडकीतून बघणं हासुद्धा सहलीचाच भाग आहे. पावसाळ्यात कोकण रेल्वेवर गाड्या संथ चालतात. तेव्हा जाणार असाल तर परतीनंतर एक दिवस मोकळा ठेवा.

आलप्पुळाला लागून असलेला वेंबनाड हा देशातला सर्वांत लांब तलाव. आपलं नांदूरमध्यमेश्वर ज्या रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) आहे, त्याच यादीत वेंबनाड आणि कोल्लमचं अष्टमुडी 2002 पासून आहेत. वेंबनाडच्या दक्षिणेला कुट्टनाड. इथली भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे. कालव्यातून बोट जाते आणि बांधापलीकडचं भाताचं शेत आपल्याला खाली दिसतं! खारं पाणी आत शिरू नये म्हणून तण्णीरमुक्कम इथे बंधारा आहे. उन्हाळ्याकडे त्याची दारं बंद असली की आतलं पाणी तुंबतं, जलपर्णी वाढते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती दिसली तर नाक मुरडू नका, त्या दारांमुळेच आतलं पीक वाचतं.

हाऊसबोट आम्ही एकच रात्र देतो. ती संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काठाला लागते आणि सकाळपर्यंत हलत नाही, कारण रात्री पाण्यात मच्छीमारांची जाळी असतात. रात्रभर तरंगत फिरू, या कल्पनेनं दोन-तीन रात्री मागू नका, पैसे वाया जातात. त्यापेक्षा सरकारी जलवाहतूक खात्याची बोट बघा. मुहम्मा ते कुमरकोम असा वेंबनाड तलाव ओलांडायला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. सोबत शाळेची पोरं, भाजीच्या पिशव्या आणि कामावर निघालेली माणसं. तिकीट मिसळीच्या एका प्लेटपेक्षा कमी. कोचीतही टॅक्सी न घेता वॉटर मेट्रोनं फिरवतो. 2023 मध्ये सुरू झालेल्या या बोटी बॅटरीवर चालतात, त्यामुळे इंजिनाची धडधड नाही.

कोल्लमला दोन रात्री. तिथे कार्यक्रम मुद्दामच कमी ठेवला आहे. सकाळी मनरो बेटाच्या अरुंद कालव्यांतून वल्ह्याची होडी, संध्याकाळी तंगश्शेरीचा 1902 सालचा दीपस्तंभ. मधली दुपार तुमची.

जेवण खोबरेल तेलातलं. पहिल्या घासाला डोक्याचं तेल आठवतं, तिसऱ्या दिवशी आठवत नाही. मासे खाणाऱ्यांनी करीमीन सोडू नये. शाकाहारी, उपवासवाले, जैन यांनी बुकिंगच्या वेळीच सांगावं. बोटीवर स्वयंपाकी एकच असतो, ऐनवेळी त्याची पंचाईत होते.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. त्याआधी आठवडाभर आधारकार्डाची प्रत आणि नावं आमच्याकडे द्या. सामान प्रत्येकी एक बॅग, तीही स्वतः उचलता येईल अशी: जेट्टीवर चाकं चालत नाहीत.